टक वाजू न देता

शुक्रवार, ९ ऑगस्ट २००२. दुपारी.

श्रावण लागला. हिशोबाच्या वहीची मागची बावीस पानं कोरी आहेत. वाया जाऊ नयेत म्हणून आजपासून चार-चार ओळी लिहिणार. कुणाला दाखवायच्या नाहीत.

संकल्प : रोज एक माळ जास्त. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. चहा एकदाच.

सुमनबाई येऊन गेल्या. आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. तोंडाळ आहेत, पण मनाने बऱ्या. (हे वाईट बोलणं नव्हे, वर्णन आहे.) रविवारी आणि सोमवारी नाशिकहून डॉक्टर येणार. हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि तोंडाने हवा भरून माणूस परत कसा आणायचा, ते बायकांना शिकवणार. इथे घरोघरी विजेची कामं करणारी माणसं. सुमनबाई म्हणाल्या, शॉक काय पत्र पाठवून येतो का? तेव्हा घरटी एका बाईने शिकायचंच.

हजेरी, फराळ आणि सर्टिफिकेटांची यादी माझ्याकडे, कारण मंडळाची खजिनदार मी. म्हणाल्या, वत्सलाबाई, तुमच्या वहीत लिहिलं म्हणजे देवाच्या वहीत लिहिलं. मी नको नको म्हटलं, पण आहे खरं. वीस वर्षांत खोटा आकडा लिहिलेला नाही.

चहा दुसऱ्यांदा झाला. पाहुण्यांबरोबरचा धरत नाहीत.

रविवार, ११ ऑगस्ट.

पहिला दिवस नुसता भाषणाचा. डॉक्टर तरुण आहेत, आवाज चांगला, पायात चपला तशाच. सभागृहात गणपतीची तसबीर आहे हे मी बोलून दाखवलं. काढल्या.

सगळं समजलं. पंधरा वेळा छाती दाबायची, दोनदा श्वास द्यायचा. परत पंधरा, परत दोन. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. बाकीच्या बायका दोन-दोनदा विचारत होत्या. मला एकदाही विचारावं लागलं नाही. मॅट्रिकला शरीरशास्त्रात बासष्ट होते, ते अजून उपयोगी पडतात.

एक सुधारणा सुचली. एक-दोन-तीन असं रुक्ष मोजण्यापेक्षा एका दाबाला एकदा 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणावं. मोजणीही होते आणि जाणाऱ्याच्या कानावर नामही पडतं. डॉक्टरांना सांगणार होते, पण ते घाईत होते.

उद्या प्रॅक्टिकल. पेटीतून एक रबराची बाहुली निघाली. छातीपर्यंतच आहे. खाली काही नाही, अंगावरही काही नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट. पहिला श्रावणी सोमवार.

उपास. प्रॅक्टिकल झालं.

म्हणजे त्यांचं झालं. चाळीस बायकांनी एकाच बाहुलीच्या तोंडाला तोंड लावायचं. मधे डॉक्टर कापसाने पुसणार, तेही स्पिरिटने. स्पिरिट म्हणजे दारूच की. श्रावणी सोमवारी चाळीस जणींचं उष्टं, वर दारू. मी कुणाला बोलले नाही. शेजारच्या खोलीत खिचडीच्या बश्या भरायच्याच होत्या, तिकडे बसले. आतून हसण्याचे आणि आपटण्याचे आवाज येत होते. डॉक्टर मोठ्याने काहीतरी समजावत होते, ते बश्यांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

प्रॅक्टिकल हे ज्यांना ऐकून समजत नाही त्यांच्यासाठी असतं. मला रविवारीच समजलं होतं.

हजेरीत दोन्ही दिवस माझं नाव लिहिलं. मी इमारतीत होते, म्हणजे हजर होते. त्यावरून सर्टिफिकेटं वाटली, एक्केचाळीस. माझ्या नावाचं अक्षर सगळ्यांत सुबक, कारण यादी मीच लिहिली. फोटोत डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले.

डॉक्टर बाहुली महिनाभर सरावासाठी ठेवून गेले. कुणाकडे ठेवायची म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पावतीवर सही केली. 'जशी दिली तशी परत करीन.'

मंगळवार, १३ ऑगस्ट. नागपंचमी.

बाहुलीला घरी जुन्या साडीचा तुकडा पांघरला. उघडी छाती दिवाणखान्यात बरी दिसत नाही. कुंकू लावावं की नाही ते ठरेना. सवाष्ण की कुमारिका की पुरुष, चेहऱ्यावरून पत्ता लागत नाही. डाग पडला तर पावतीत बसणार नाही म्हणून लावलं नाही.

हे म्हणाले, ही बरी आहे, नुसतं ऐकून घेते. मी उत्तर दिलं नाही. संकल्प आहे.

हे ड्युटीवर गेल्यावर दार लावून बाहुली दाबून पाहिली. तळहात मधोमध, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. आतून 'टक' असा आवाज आला.

माझाच जीव गेला. एक दिवस झाला नाही आणि मोडली. पुन्हा अगदी हळू दाबली, आवाज नाही. आणखी हळू. नाही. रामरक्षा म्हणून पेटीत ठेवली.

बुधवार, १४ ऑगस्ट.

आवाजाचं कोडं सुटलं. कुकरची शिट्टी असते तसं आहे. वाजली की गॅस बारीक करायचा. बाहुलीत तशीच खूण ठेवली आहे. टक झालं म्हणजे दाब जास्त झाला, खऱ्या माणसाची बरगडी मोडली असती. टक होऊ न देता दाबणं हेच कौशल्य. कुणी सांगितलं नसताना समजलं, याचं यांनाही कौतुक वाटलं असतं. सांगितलं नाही.

पेटीत एक इंग्रजी कागद होता, चित्रांचा, जाड. इंग्रजीत मला अडतीस होते, पण हे इंग्रजी वेगळं दिसतं. कागद बाहुलीखाली अंथरला. पेटीचा गंज लागायला नको.

शनिवार, १७ ऑगस्ट.

साळूबाई धुणंभांड्याला येते ती. सुरगाण्याकडची, नवरा नाही, एक मुलगी. मुलगी ज्योत्स्ना बारावी झाली आहे. नाशिकरोडच्या एका खाजगी दवाखान्यात रुग्णवाहिकेवर मदतनीस घेणार आहेत, जागा दोन. तोंडी काही विचारणार नाहीत, फक्त छाती दाबून दाखवायची.

साळूबाई भांडी घासता घासता म्हणाली, बाई, पोरीला तुमच्या बाहुलीवर शिकवा ना जरा. नाय लागली तर तिचा मामा तिला दसऱ्याआधी द्राक्षाच्या छाटणीला घेऊन जाणार, जीप ठरलेली हाय. मग कसली परीक्षा न् कसली नोकरी. एकदा का बागेत गेली का माझ्यावाणी हात होतील तिचे.

मी म्हटलं, काळजी करू नको. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे.

किती बरं वाटलं. भिंतीवर सर्टिफिकेट देवघराशेजारी लावलं आहेच.

सोमवार, १९ ऑगस्ट.

ज्योत्स्ना तीन वाजता आली. बारीक, चटपटीत, केस घट्ट बांधलेले. पेटी स्वतः उचलून आणली, साडी घडी करून बाजूला ठेवली. चहा दिला. तिचा आणि साळूबाईचा कप वेगळा आहे. मी भेदभाव मानत नाही, सवय आहे इतकंच.

तीन नियम सांगितले. पहिला, मधे बोलायचं नाही, बघायचं. दुसरा, दाबाला नाम. तिसरा आणि मुख्य, टक होता कामा नये. श्वासासाठी बाहुलीच्या तोंडावर धुतलेला रुमाल टाकला.

पहिल्याच दाबाला तिने टक केलं. मी ओरडले. अगं, बरगडी गेली ना त्याची! दचकली बिचारी. मग हळू हळू करू लागली. दहाव्या मिनिटाला जमलं, एकही टक नाही.

जाताना बाहुली पेटीत ठेवायला बराच वेळ लावला. नीटनेटकी आहे.

गुरुवार, २२ ऑगस्ट. राखी पौर्णिमा.

आज ज्योत्स्नाने विचारलं, काकू, थोडं खोल दाबून बघू का, एकदाच. मी म्हटलं, बाळ, पावतीवर माझी सही आहे. गप्प बसली. शिस्त आवडते मला मुलींमध्ये.

मी दारात उभी राहून कान देते. ऐकायचं काम डोळ्यांपेक्षा अवघड असतं.

बुधवार, २८ ऑगस्ट.

मंडळात माझी पद्धत सांगितली. सुमनबाई म्हणाल्या, आम्ही दाबली तेव्हा टकटक होत होतं की. मी म्हटलं, तुम्ही चाळीस जणी, त्यात कुणाचं किती चुकलं कोण बघणार. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे होतात हो त्या वेळी, तुम्हाला दाबताना मी पाहिलंच नाही. मी हजेरी उघडून दाखवली. बघितली आणि उठल्या. जाता जाता म्हणाल्या, बाहुलीला साडी नेसवलीत म्हणे, डोहाळजेवण कधी?

सगळ्या हसल्या. मीही हसले. लिहिताना मात्र हात जड झाला. कारण कळलं नाही. श्रावणातल्या उपासांनी असेल.

सोमवार, २ सप्टेंबर. चौथा सोमवार.

उद्या ज्योत्स्नाची परीक्षा. शेवटचा सराव. पंधरा-दोन, पंधरा-दोन, वीस मिनिटं, एकही टक नाही. डोळ्यात पाणी आलं. उद्या निघताना दही-साखर ठेवायला सांगितलं.

एक माळ जास्त घेतली. अकरा दिवसांनी पहिल्यांदा.

मंगळवार, ३ सप्टेंबर. संध्याकाळी.

ज्योत्स्ना नापास.

साळूबाईने सांगितलं. पोरगी घरी पडून आहे. तपासणाऱ्या डॉक्टरने सगळ्यांसमोर म्हटलं, ताई, वेग चांगला आहे, श्वास चांगला आहे, पण दाबच नाही. तुमचा पेशंट गेला. बाकीच्या मुली हसल्या.

श्रावणात असं अभद्र बोलतात का? शिकलेली माणसं.

कारणं : दवाखान्याची बाहुली जुनी, कडक असणार. ज्योत्स्नाने न्याहारी केली नव्हती. निघताना साळूबाईने मागून हाक मारली होती, हे तिने स्वतः कबूल केलं. मंगळवार.

पुढे त्यांनी विचारलं म्हणे, कुणी शिकवलं? ज्योत्स्ना म्हणाली, घरीच शिकले.

माझं नाव घ्यायला हवं होतं. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. का घेतलं नाही?

शुक्रवार, ६ सप्टेंबर.

जे राहिले त्यांची पुन्हा परीक्षा २३ तारखेला. प्रतीक्षा यादी करणार. कुणी सोडून गेलं तर घेतात. ज्योत्स्ना पुन्हा येऊ लागली. आज सरावाच्या वेळी मी दारात उभी राहिले तर तिने हात बाहुलीवरून उचलले. मी म्हटलं, भिऊ नकोस, मी आहे ना.

साळूबाईने दोनदा पातेलं जोरात आपटलं. विचारलं तर म्हणाली, हात घसरला.

सोमवार, ९ सप्टेंबर. हरतालिका.

पूजा झाली. दोन पानं रिकामी सोडावीत असं वाटत होतं, पण कागद वाया जातो.

शनिवार, १४ सप्टेंबर.

आज डॉक्टर मंडळात आले. महिना संपला म्हणून मी बाहुली घेऊन गेले होते. पेटी पुसून, साडी काढून. सुमनबाईंनी आणखी पंधरा दिवस मागून घेतले, ते मिळाले. मग डॉक्टरांनी बाहुली तपासायला काढली आणि सगळ्यांसमोर दाबली.

टक. टक. टक. टक. पंधरा वेळा.

डॉक्टर म्हणाले, वा, आतली खूण शाबूत आहे. विसरला नाहीत ना? टक झालं म्हणजेच दाब पुरेसा. टक नाही तर रक्त पुढे जात नाही, मग नुसती माणसाची पाठ थोपटल्यासारखं आहे. सगळ्या बायका म्हणाल्या, हो, हो. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी सांगितलं होतं. मी बश्या भरत होते.

डॉक्टर मला म्हणाले, वहिनी, बाहुली अगदी नवी ठेवली आहेत, वापरलेली वाटतच नाही.

हो म्हटलं.

सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, १५ सप्टेंबर.

ज्योत्स्नाला सांगायला पाहिजे. आज गौरींची गडबड आहे. उद्या सांगते.

सोमवार, १६ सप्टेंबर.

तीनला आली. सांगणार होते. तिने हळू हळू दाबायला सुरुवात केली, एकही टक नाही, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छान.

का म्हटलं?

आता हे सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की मी सोमवारी आत नव्हतेच. की हजेरी खोटी. की भिंतीवरचं ते खोटं. की पंधरा-वीस दिवस मुलीला माणूस मारायला शिकवलं. एवढं एका कपभर चहात कसं सांगणार.

यांना जेवताना म्हटलं, समजा एखाद्याने चुकीचं शिकवलं तर? हे म्हणाले, तर बरोबर शिकवायचं, भाजी वाढ.

मंगळवार, १७ सप्टेंबर.

उपाय सापडला. देवापुढे बसले असताना सुचला, म्हणजे देवानेच सुचवला.

ज्योत्स्नाला बोलावून सांगितलं, नवा नियम आला आहे. डॉक्टर शनिवारी सांगून गेले. आता टक होईपर्यंत दाबायचं. पूर्वी नव्हतं, आता बदललं. सरकारी.

तिने मान खाली घालून ऐकलं. म्हणाली, बरं काकू.

मग दाबली. टक. टक. टक. एकदम खणखणीत, एकही चुकला नाही. मला वाटलं होतं, सवय मोडायला आठवडा लागेल. बराच वेळ ती थांबलीच नाही. कपाळावर घाम, केस सुटलेले. मी दारात उभी होते तिथून आत सरकले आणि खाली बसले.

देवाने सुचवलं असं वर लिहिलं आहे. ते खोडावंसं वाटतं. खाडाखोड चांगली दिसत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर. अनंत चतुर्दशी.

विसर्जनाला नदीवर गेलो. हे म्हणाले, तुझा चेहरा गणपती बुडवायला आल्यासारखा नाही, माणूस पोचवायला आल्यासारखा दिसतो.

सोमवार, २३ सप्टेंबर. पितृपक्ष.

परीक्षा आज. पितृपक्षात कुणी काही ठरवतं का. पण दवाखान्याला कोण सांगणार. दिवसभर माळ हातात होती. एकही पूर्ण झाली नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर.

ज्योत्स्ना पहिली आली. त्याच डॉक्टरने पाठ थोपटली म्हणे. म्हणाले, ताई, असा दाब पहिल्या दिवशी दिला असतात तर जागा तुमचीच होती. दोन्ही जागा तेव्हाच भरल्या. आता प्रतीक्षा यादीत पहिलं नाव.

प्रतीक्षा म्हणजे वाट बघायची. किती, ते कुणी सांगत नाही.

साळूबाई सकाळी नागलीचे पापड घेऊन आली. पातळ, सगळे सारखे, कडक वाळवलेले. म्हणाली, बाई, तुमचे लय उपकार. तुम्ही नवा नियम सांगितला म्हणून पोर पयली आली. नोकरी नाय तर नाय, नाव तर झालं. मी पापड घेतले. दोन्ही हातांनी घेतले. तिच्याकडे बघता आलं नाही, म्हणून पापड मोजत राहिले.

पंचवीस.

शनिवार, २८ सप्टेंबर.

हजेरीची वही काढली. १२ ऑगस्टच्या माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहावं म्हणून टोपण काढलं. माझ्याच अक्षरात मीच खोटं लिहिलेलं होतं, शेजारी ओळीने चाळीस खरी नावं. पेन तसंच धरून बसले. टोकावर शाई वाळली. झटकून मग लिहिलं. अक्षर सुबक आलं नाही.

सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं. खाली भिंतीचा चौकोन स्वच्छ राहिला आहे, बाकी भिंत कळकट. हे म्हणाले, काय गं, फ्रेम कुठे गेली. मी सांगितलं. सगळं. यांनी ऐकून घेतलं, विनोद केला नाही. मग म्हणाले, मला नको सांगू, ज्योत्स्नाला सांग.

ठरवलं. भाषण तयार केलं. तीन मुद्दे.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपारी चारला.

ज्योत्स्ना निरोप घ्यायला आली होती. मामाची जीप उद्या पहाटे. पिंपळगावकडे छाटणी, दोन महिने. दवाखान्याचं बोलावणं आलं तर साळूबाई निरोप धाडणार.

मी मुद्दे विसरले. भिंतीकडे बघून म्हटलं, नियम बदलला नव्हता. आधीपासून तोच होता. मला माहीत नव्हतं. प्रॅक्टिकलला मी आत नव्हते, खिचडी वाढत होते.

ती म्हणाली, माहीत आहे काकू.

कधीपासून, विचारलं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. बाहुली पेटीत ठेवताना खालचा कागद वाचला. चित्र आहे त्यावर, छाती खाली जाते आणि बाजूला कानाचं चित्र. दाबलं की आवाज यायला पाहिजे, असं लिहिलंय.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

तिने आधी हाताच्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाली, कसं बोलणार. बाहुली तुमच्याकडे. आई तुमच्याकडे. तुम्हाला राग आला असता आणि पेटीला कुलूप लागलं असतं, तर तेवढाही हात बसला नसता. वाटलं होतं, इथे तुमच्यासारखं करू, तिथे खोल दाबू. पण तिथे दाबायला गेले की टक वाजायच्या आधीच हात मागे यायचा. तुम्ही दारात उभ्या आहात असं वाटायचं.

नाम घेत होतीस ना तरी, एवढंच विचारलं मी. त्यातही माझा मान राहील असं काही शोधत होते.

ती हसली. या महिन्यात पहिल्यांदाच. म्हणाली, नाही काकू. मनात एक-दोन-तीनच मोजत होते. ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

चहा विचारला. नको म्हणाली, बोचकं बांधायचंय. वाकून नमस्कार केला. तिचे हात पायाला लागले तेव्हा पाय मागे घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत, तिला वेगळंच वाटलं असतं.

दारापर्यंत गेले. तिला काहीतरी द्यावं असं मनात आलं. काय द्यायचं ते सुचेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

साळूबाई उद्या पोरीला जीपमध्ये बसवून, नेहमीच्या वेळेला, सातला येईल. कडी वाजवेल. तिच्या लेखी नियम अजून नवाच आहे. हे पहाटेच्या ड्युटीवर असतील. दार मलाच उघडायचं आहे.